जर्सी नंबर १३, क्लब ३०च्या वर

उरुग्वेच्या मिनास गावचा, १३ नंबरची जर्सी घालणारा फुटबॉलपटू सेबास्तियन आब्रेऊ. टोपणनाव ‘एल लोको’, म्हणजे वेडा! २०१७ मध्ये चिलीतला ऑडॅक्स इटालियानो हा त्याचा २६वा क्लब ठरला आणि गिनीज बुकात सर्वाधिक क्लबांच्या विक्रमाची नोंद झाली. तरीही गडी थांबला नाही, आकडा ३०च्या पुढे नेला. उरुग्वे, अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको, स्पेन, इस्रायल, ग्रीस, इक्वेडोर, पॅराग्वे, एल साल्वादोर, चिली... ११ देश!

एवढे क्लब कसे? एक कारण म्हणजे लोन. १९९८ मध्ये स्पेनच्या देपोर्तिवो ला कोरुन्याने त्याला घेतलं खरं, पण पुढची बरीच वर्षं उसनवारीवर इतरांकडेच पाठवलं.

‘कुठेच टिकला नाही’ म्हणणाऱ्यांनी २ जुलै २०१० आठवावा. वर्ल्ड कप क्वार्टर फायनल, समोर घाना. उरुग्वेच्या सुआरेझचा तो कुप्रसिद्ध हँडबॉल, त्यावर घानाच्या ग्यानची हुकलेली पेनल्टी, मग शूटआउट. शेवटची किक आब्रेऊची. गोलकीपर एका बाजूला झेपावला आणि याने बॉल अलगद चिप करून मधोमध सोडला. यालाच म्हणतात पानेन्का! त्याच वर्षी ब्राझीलच्या बोटाफोगो क्लबकडून फ्लामेंगोविरुद्धच्या फायनलमध्येही त्याने असाच गोल केला होता. म्हणजे घानाच्या गोलकीपरला कुणी सांगायला हवं होतं, नाही का?

उरुग्वेकडून ७० सामने, २६ गोल, २०११चा कोपा अमेरिका. आणि बूट खुंटीला टांगले २०२१ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी.