एच.आय.व्ही. बाधितांवरील ए.आर.टी. उपचार : प्रतिकारशक्ती आणि यकृताचे आरोग्य

प्रस्तावना :
एच.आय.व्ही. विषाणू शरीरातून समूळ नष्ट करणारे औषध सर्वसाधारण वापरासाठी अद्याप उपलब्ध नाही. तथापि, अनेक औषधांच्या एकत्रित वापराने त्याची वाढ रोखता येते. या उपचारपद्धतीस ए.आर.टी. असे म्हणतात. भारतात शासकीय रुग्णालयांतून हे उपचार १ एप्रिल २००४ पासून मोफत सुरू झाले. आरंभीच्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. ही औषधे आजन्म घ्यावयाची असल्याने प्रतिकारशक्तीबरोबरच यकृतावरील त्यांच्या परिणामांचा विचार आवश्यक ठरतो.

प्रतिकारशक्तीवरील परिणाम :
निरोगी प्रौढाच्या रक्तात प्रति घनमिलिमीटर साधारणतः ५०० ते १५०० सी.डी.४ पेशी असतात. ही संख्या २०० च्या खाली गेल्यास संधिसाधू आजारांचा धोका वाढतो. उपचारांमुळे विषाणूची वाढ थांबली की या पेशी प्रथम वेगाने व नंतर संथपणे वाढतात. उपचार फार उशिरा सुरू झाल्यास मात्र ही संख्या अनेकदा पूर्वपदावर येत नाही.

यकृतावरील परिणाम :
औषधांमुळे यकृतास होणारी इजा एकाच प्रकारची नसते. स्टॅव्हुडिनमुळे पेशींतील तंतुकणिकांचे कार्य बिघडून यकृतात मेद साठतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या औषधाचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याची शिफारस केली. नेव्हिरापिनची बाब निराळी आहे. उपचारारंभी सी.डी.४ संख्या २५० हून अधिक असलेल्या स्त्रियांत आणि ४०० हून अधिक असलेल्या पुरुषांत त्यामुळे यकृतदाहाचा धोका अधिक आढळला. म्हणजेच, प्रतिकारशक्ती तुलनेने सक्षम असतानाच यकृतास अधिक धोका संभवतो, कारण ही इजा बहुतांशी प्रतिकारयंत्रणेच्या तीव्र प्रतिक्रियेतून होते. या औषधाची मात्रा पहिले १४ दिवस निम्मी ठेवली जाते.

हिपॅटायटिस-बी ची सहबाधा असल्यास, सावरलेली प्रतिकारशक्ती बाधित यकृतपेशींवर हल्ला करते व कावीळ उद्भवू शकते. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड ही क्षयरोगावरील औषधे आणि मद्यपान यांमुळे यकृतावरील भार आणखी वाढतो.

सद्यःस्थिती :
भारतात २०१७ पासून सी.डी.४ संख्या कितीही असली तरी उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्रॅव्हिर हे आजचे प्रमुख औषधमिश्रण यकृताच्या दृष्टीने तुलनेने सुरक्षित आहे. यांतील पहिली दोन औषधे हिपॅटायटिस-बी लाही आवर घालतात. त्यामुळे सहबाधिताने ती परस्पर बंद केल्यास दबलेला यकृतदाह उफाळून येतो व प्रसंगी जिवावर बेततो.

निष्कर्ष :
सी.डी.४ संख्येतील वाढ हे उपचारांच्या यशाचे महत्त्वाचे गमक असले, तरी तेवढ्यावरून रुग्णाच्या आरोग्याचे संपूर्ण चित्र स्पष्ट होत नाही. उपचारारंभी हिपॅटायटिस-बी व सी ची तपासणी आणि त्यानंतर यकृतातील विकरांची नियमित तपासणी आवश्यक आहे. यकृताच्या भीतीने उपचार नाकारणे मात्र अनिष्ट होय. उपचारांविना वाढणारा एच.आय.व्ही. प्रतिकारशक्ती तर खालावतोच, शिवाय सहबाधितांत यकृताचा ऱ्हासही वेगाने घडवून आणतो.