जाळी, जोतं आणि दोन दारं

पाळीव पोपटाला सकाळचं ऊन, मोकळा वारा आणि सरळ उडायला जागा मिळाली की महिन्याभरात त्याची अंगकाठी बदलते. छाती भरते, पिसांवर तकाकी येते, दिवसभराची किरकिर कमी होते. लोकांच्या परसात, गच्चीवर, शेतघरावर जाऊन अशी पक्षीघरं बघायचा मला कित्येक वर्षांचा नाद आहे. त्यातली काही मी मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून बांधून घेतली आहेत. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पक्षीघर बांधताना पोपटाचा विचार सगळेच करतात. घुशीचा, मांजराचा, शिक्र्याचा आणि नैर्ऋत्येकडून झोडपणाऱ्या पावसाचा विचार फार थोडे करतात. पक्षी दगावतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या मंडळींपायी.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. आपल्या रानातले पोपट, म्हणजे गळ्यात कंठी असलेला हिरवा कीर, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पोपट, लालसर जांभळ्या डोक्याचा छोटा पोपट, हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, मग पिंजरा आजोबांच्या काळापासून ओसरीत टांगलेला का असेना. हा लेख पिंजऱ्यातच पैदास झालेल्या विदेशी पोपटांपुरता आहे. सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे, मकाऊ अशा, ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असलेल्या जाती घरी असतील तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्यांची नोंद करावी लागते. बजरीगर आणि कॉकटेल त्या परिशिष्टांत नाहीत. हे दोघेही मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले. बजरीगर जॉन गूल्ड या पक्षीअभ्यासकाने 1840 साली जिवंत इंग्लंडात नेला आणि तिथून तो जगभर घरोघरी पोचला. कोरड्या मुलखातला पक्षी, ही गोष्ट आपल्याला पावसाळ्यात उपयोगी पडणार आहे.

आता आकार. लोक उंच पक्षीघर बांधतात, कारण ते दिसायला भारदस्त असतं. पण पोपट काही हेलिकॉप्टर नव्हे. तो आडवा उडतो. बारा फूट लांब, चार फूट रुंद आणि माणूस ताठ उभा राहील इतकं उंच पक्षीघर कॉकटेलच्या दोन-तीन जोड्यांना छान पुरतं. तेवढ्याच जाळीत केलेला चौकोनी मनोरा निम्म्यानेही उपयोगाचा नाही. घुमटाकार, गोल पिंजरे तर मला बघवत नाहीत. जाळीचे रोल बहुधा तीन किंवा चार फुटी पन्ह्याचे मिळतात, म्हणून चौकटीचे खण त्याच मापाचे आखावेत. जाळी जितकी कमी कापाल तितकी चोचीला लागणारी टोकं कमी.

जाळीचा विषय निघालाच आहे, तर तो सविस्तर सांगतो, कारण पक्षीघराचं सगळं शहाणपण मला जाळीत दिसतं. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेटरकडे आम्ही काम दिलं होतं. मिस्त्री म्हणाले, “साहेब, कोंबड्यांच्या खुराड्याला मारतो ती जाळी मारतो की. चिमणीएवढं पाखरू, त्याला काय लागतंय?” ती षटकोनी विणीची जाळी कोंबडीला आत ठेवते हे खरं; पण ती पातळ असते, घूस ती कुरतडते, कुत्रं ती फाडतं आणि लव्हबर्डची चोच तिचा एकेक पीळ उकलत बसते. पक्षीघराला वेल्डमेशच हवी, म्हणजे आडव्या-उभ्या तारा प्रत्येक सांध्यावर वितळवून जोडलेली. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात शिरण्यापूर्वी लक्षात ठेवावं. सोळा गेज म्हणजे साधारण 1.6 मिलिमीटर, चौदा गेज 2 मिलिमीटर, दहा गेज 3.25 मिलिमीटर. बजरीगर, कॉकटेल, लव्हबर्डना अर्ध्या इंची भोकाची सोळा गेजची जाळी उत्तम. मकाऊसाठी दहा गेजपेक्षा बारीक तार घेऊच नये. आक्रोड फोडणारी चोच आहे ती.

भोक अर्धा इंच का? पक्षी बाहेर पडू नये म्हणून, असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, घूस आणि मोठा उंदीर आत येऊ नये म्हणून. घरातल्या छोट्या उंदराला मात्र पाव इंचाहून जराशी मोठी फट पुरते, तेव्हा जमिनीलगतच्या दोन फुटांना आतून पाव इंची जाळीचा आणखी एक पट्टा द्यावा. उंदीर नुसता दाणे खात नाही. तो दाण्यावर मुततो, रात्री पक्ष्यांना बिथरवतो आणि त्याच्या मागोमाग धामण येते. अंड्यावरची मादी धामणीने गिळल्याची जी प्रकरणं मी ऐकली, त्या प्रत्येकात उंदीर आधी आलेले होते. संध्याकाळी दाण्याचं भांडं उचलून घरात नेणं हा सापावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

आता जस्त. लोखंडी तारेला गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा देतात. नव्या कोऱ्या जाळीवर नखाने चाचपून बघा: सांध्याजवळ जस्ताचे बारीक थेंब गोठलेले लागतात, कुठे पांढरट भुकटी हाताला येते. पोपट जाळीवर चढतो तो चोचीनेच, आणि असा मण्यासारखा थेंब दिसला की तो सोलून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पोटात गेलेलं जस्त विषारी ठरतं. पक्षी खूप पाणी प्यायला लागतो, विष्ठा पातळ आणि गडद हिरवी होते, पाय लटपटतात. इंग्रजी मुलखातल्या पक्षीपाळांमध्ये याला ‘नव्या तारेचा आजार’ असंच नाव आहे. उपाय साधा आहे: जाळी उन्हात पसरून तारेच्या ब्रशने आणि व्हिनेगरने दोन्ही बाजूंनी घासायची, भरपूर पाण्याने धुवायची आणि एक पावसाळा तशीच बाहेर टाकायची. स्टेनलेस स्टील परवडत असेल तर ही कटकटच नाही. मात्र दुकानदार लोहचुंबक लावून “बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल 304” म्हणाला तर मान डोलावू नका. 202 जातीचं हलकं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि ते दमट हवेत लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी 316 विचारावं.

भंगारातले जुने रंगवलेले अँगल स्वस्त पडतात, पण घेऊ नयेत. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या पापुद्र्यात काय असेल याचा भरवसा नाही, आणि पापुद्रे सोलणं हा तर पोपटाचा आवडता उद्योग.

जाळीबद्दल शेवटचं, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं: ती दुहेरी हवी. कॉकटेल घाबरला की जाळीला चिकटून लटकतो, नखं बाहेर आलेली. बाहेरून मांजराचा पंजा किंवा शिक्र्याची झडप बसते ती त्या बोटांवर. असा बोटं तुटलेला एक पिवळसर नर मी जवळून पाहिला आहे. दांडीवर बसताना तो छाती टेकून तोल सांभाळायचा. चौकटीच्या आतून एक जाळी, बाहेरून दुसरी, मध्ये दोन इंच अंतर. खर्च वाढतो, पण निदान छताला आणि मांजराच्या वाटेवरच्या बाजूंना तरी हे करावंच.

जोत्याचं उत्तम काम मी कुडाळजवळ एका काकूंच्या परड्यात पाहिलं. जांभ्याच्या चिऱ्यांचं जोतं जमिनीवर दोन थर, खाली एक थर पुरलेला. त्याच्या बुडाशी बाहेरच्या अंगाला दीड फूट रुंद जाळी मातीखाली आडवी पसरलेली. मी म्हटलं, काकू, आडवी कशाला, खोल उभी का नाही गाडली? त्या म्हणाल्या, “घूस भिंतीच्या मुळातच उकरता. जाळी लागली की थांबता. मागे सरान लांबून उकरूक तिका सुचत नाय.” हेच तत्त्व परदेशी पुस्तकांत आकृत्या काढून समजावलेलं असतं, काकूंनी ते घुशीकडे बघून शिकलेलं होतं. आत खाली कोबा, त्याला एका बाजूला उतार आणि पाणी जायच्या भोकाला पुन्हा जाळी. पक्षीघराचे सुटे पाय असतील तर प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत उभा करतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. दुधाचं भांडं परातीतल्या पाण्यात ठेवायची आपली जुनी युक्ती ती हीच.

दारं दोन. बाहेरच्या दारातून आत शिरायचं, ते लावायचं, मगच आतलं उघडायचं. मधली जागा तीन फूट बाय तीन फूट तरी हवी, हातात पाण्याची बादली घेऊन वळता यावं इतकी. दोन्ही दारांना आपोआप मिटणारी स्प्रिंग आणि आतूनही लावता येणारी कडी. आतलं दार मुद्दाम बुटकं ठेवावं, पाचेक फुटांचं. दचकलेला पक्षी वर उडतो, तेव्हा दार उघडं राहिलं तरी तो त्याच्यावरच्या जाळीला जाऊन बसतो. वाकून आत जावं लागतं म्हणून घरधनी कुरकुरतात, कुरकुरू द्यावं. नुसत्या सरकत्या कडीवर विसंबू नये. कोन्यूर ती उघडायला शिकतो, आणि काकाकुवा तर नटबोल्टही फिरवून काढतो. कुलूप घाला.

छताबद्दल फार लिहीत नाही. निम्मं छत झाकलेलं, निम्मं उघड्या जाळीचं. काचेतून येणाऱ्या उन्हात ड जीवनसत्त्वाला लागणारे किरण गाळले जातात, म्हणून ऊन थेटच मिळायला हवं. पश्चिम आणि दक्षिण बाजू भिंतीने किंवा पत्र्याने बंद, कारण पाऊस तिकडून येतो आणि दुपारचं ऊनही; पूर्व उघडी. नुसता पत्रा तापतो. कौलं किंवा पत्र्यावर झावळ्या चांगल्या. विदर्भातल्या उन्हाळ्यात शेडनेट आणि पाण्याचे बारीक तुषार लागतातच. पोपट चोच उघडून धापा टाकत असेल आणि पंख अंगापासून फाकवून बसला असेल तर तिथे क्षणभरही रेंगाळू नये, त्याला गारव्यात न्यावं. कोकणात धास्ती ओलीची. ओले दाणे आणि दमट शेंगदाणे यांवरची बुरशी पक्ष्यांच्या फुफ्फुसाला आणि यकृताला धरते. राळं, बाजरी थोडी थोडी आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. तरीही पहिल्या सरीला कॉकटेल उघड्या छताखाली उलटा लटकून, पंख आणि शेपटी पसरून भिजतो तेव्हा त्याला कुणी अडवू नये. त्याच्या पिसांची पांढरी पूड पाण्याबरोबर ओघळते आणि पक्षी दिवसभर अंग साफ करत बसतो.

बसायला गुळगुळीत गोल काठ्या नकोत. सगळीकडे एकच जाडी असली की तळव्याच्या त्याच जागी भार पडून घट्टे आणि जखमा होतात. पेरू, बाभूळ, कडुनिंब, चिंच यांच्या वेड्यावाकड्या फांद्या दोन्ही टोकांना बांधाव्यात, मधला अवकाश मोकळा ठेवून. कण्हेर आणि रुई आसपासही नको. वेगवेगळ्या जाती एकत्र कोंबण्याच्या हौसेला माझा सरळ विरोध आहे: लव्हबर्ड बजरीगरची बोटं चावतात.

रात्रीची भीती हा कॉकटेलचा स्वभावच. अंधारात पाल हलली, गाडीचा प्रकाशझोत फिरला, पिंगळा जाळीवर आदळला, की सगळे एकदम उसळतात आणि भिंतीवर डोकी आपटतात. झिरो बल्बचा मंद उजेड रात्रभर ठेवला तर परत दांडी सापडते. दिवाळीचे चार दिवस मात्र बल्बवर भागत नाही. फटाक्यांआधीच पक्षी घरातल्या पिंजऱ्यात, पडदे ओढलेल्या खोलीत न्यावेत.

पक्षीघर बांधायचं मनात असेल तर दिवाळीनंतरचे दिवस कामाला सोयीचे. जमीन खणण्याजोगी मऊ असते, मिस्त्री सणावरून परतलेले असतात आणि कोबा सुकायला कोरडी हवा मिळते. जस्ताची जाळी मात्र ज्येष्ठातच आणून अंगणात टाकलेली बरी. ती राहिली असेल तर या वर्षी जोतं, चौकट आणि दारं करून घ्यावीत, जाळीला पुढचा पावसाळा खाऊ द्यावा आणि पक्षी त्यानंतर सोडावेत. सोडताना सकाळची वेळ धरावी, आणि समोरच्या जाळीवर पाल्याच्या डहाळ्या खोचाव्यात, म्हणजे पहिल्याच झेपेत न दिसलेल्या तारेवर पक्षी आदळत नाही.