झोपता कधी, खाता काय?

सकाळी 7. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून रात्रपाळी संपवून एक कामगार थेट माझ्या दवाखान्यात येतो, म्हणून शटर लवकर वर जातं. त्याच्या चिठ्ठीवर ‘सकाळी एक, रात्री एक’. पण ह्याची सकाळ दर आठवड्याला सरकते! रक्तदाबाची दिवसातून एकदाच घ्यायची गोळी निवडली, वेळ संध्याकाळी सातची. तिन्ही पाळ्यांत तो तेव्हा जागाच असतो.

10. तरणा पैलवान, सोबत वस्ताद. आधी रक्तदाबाचा पट्टा बदलला. नेहमीचा पट्टा या दंडाला अपुरा पडतो आणि आकडा उगाच चढा दाखवतो. नाडी 46, पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणाऱ्याला ती शोभतेच. एकोत मात्र हृदयाची भिंत 14 मिलिमीटर. बारापर्यंत ठीक, तेरा ते पंधरा म्हणजे पेच. भिंत मेहनतीनं जाडावली, की हा घराण्यातून आलेला आजार, ज्यात भर कुस्तीत हृदय थांबू शकतं? घरात कुणी ऐन तारुण्यात अचानक गेलंय का, ते विचारलं. एमआरआय लिहिला. आणि तीन महिने मेहनत बंद. मेहनतीची जाडी विश्रांतीनं उतरते, आजाराची सहसा नाही.

वस्ताद उसळले. “जत्रंचा हंगाम तोंडावर आलाय. पोरगं मोडंल की वो!”

“खासबागचं मैदान 1912 पास्नं हाय तिथंच हाय, वस्ताद.”

हसले नाहीत. पण खुराकाचं काय, असं विचारलं, म्हणजे ऐकलं. थंडाई, तूप, बदाम निम्म्यावर आणा म्हटलं. आखाडा सुटतो आणि खुराक सुटत नाही, तिथून बऱ्याच जुन्या पैलवानांची माझ्याकडं ये-जा सुरू होते.

1. डबा. पांढरा रस्सा नव्हता, एवढंच नमूद करतो.

4. करवीर तालुक्यातले गुळव्या मामा. पहाटेपासून काहिलीच्या वाफेत उभे, आणि चक्कर येते म्हणतात. त्यांना रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू; घामानं आधीच पाणी जातंय. झोपवून मोजलं, मग उभं करून. वरचा आकडा 24 नं घसरला. उकळत्या रसाशेजारी ही घसरण जीवघेणी. ती गोळी थांबवून दुसरी दिली. “गुऱ्हाळ बंद झालं की परत या मामा, तेव्हा दाब वेगळा असणार.”

रात्री 8. वस्तादांचा फोन.

“फिराय गेला तर चालंल?”

“चालंल. पळायचं न्हाई.”

“आन् निस्तं डाव दाखवाय मातीत उतरला तर?”

“काठावर बसून तोंडानं सांगू दे.”

“ते त्याला जमतंय व्हय?” म्हणाले आणि फोन ठेवला.