घरमाशीवरील घरगुती उपाय: कोणते कामाचे, कोणते केवळ समाधानाचे

पावसाळ्याच्या तोंडाशी घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. ताटावर झाकण ठेवले तरी माशी भोवती घोंघावतेच. मग कोणी कापूर जाळतो, कोणी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतो, कोणी दारात पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी टांगतो. यांतील काही उपायांना आधार आहे, काहींना नाही. मात्र एक उणीव बहुतेकांत समान आहे: हे सारे उपाय डोळ्यांना दिसणाऱ्या माशीवर योजलेले असतात. अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपातील माशीचा फार मोठा संसार घराबाहेर, उकिरड्यात आणि गोठ्याच्या ओलसर कडेला निर्वेध चाललेला असतो.

घरमाशी, म्हणजेच मस्का डोमेस्टिका, ताज्या शेणात, कोंबडीच्या विष्ठेत, कुजणाऱ्या भाजीपाल्यात किंवा सांडलेल्या ओल्या खुराकात अंडी घालते. एका वेळी साधारण शंभर ते दीडशे, आणि आयुष्यात अशा चार-पाच खेपा. उष्ण हवेत अंडी एका दिवसाच्या आत उबतात, अळी चार ते सहा दिवस खाऊन वाढते आणि नंतर तितकेच दिवस तांबूस तपकिरी कोषात राहते. म्हणजे आज शेणात घातलेल्या अंड्यांतून आठ ते बारा दिवसांत नवी माशी उडते. थंडीत हाच काळ कित्येक आठवड्यांपर्यंत लांबतो. नियंत्रणाची सारी किल्ली या हिशेबात आहे: शेण आणि ओला कचरा दर तीन-चार दिवसांनी हलविला, पसरून वाळविला किंवा झाकला, तर अळीला कोषापर्यंत पोहोचण्याची सवडच मिळत नाही.

माशीला चावता येत नाही. तिची सोंड स्पंजासारखी असून ती केवळ द्रव पदार्थ शोषू शकते. साखरेचा कण खायचा असेल, तर ती आधी त्यावर लाळ आणि पोटातील द्रव ओकते, तो विरघळवते आणि मग शोषून घेते. मलावर बसून आलेली माशी पोळीवर बसते तेव्हा तिच्या पायांवरील केसांबरोबरच या ओकारीतून आणि विष्ठेतूनही जंतू उतरतात. हा धोका केवळ पुस्तकी नाही. इस्रायलच्या लष्करी तळांवर यीस्टच्या आमिषाचे सापळे वापरून माश्यांची संख्या घटविण्यात आली, तेव्हा अतिसारासाठी दवाखान्यात येणाऱ्यांचे प्रमाण 42 टक्क्यांनी आणि शिगेला जंतूंमुळे होणाऱ्या आमांशाचे प्रमाण 85 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1991 साली प्रसिद्ध झाले. पाकिस्तानातील खेड्यांत माशी-नियंत्रणानंतर लहान मुलांमधील अतिसार सुमारे 23 टक्क्यांनी घटल्याचा अहवाल 1999 सालचा आहे. पाळण्यातल्या बाळाच्या ओठांवर बसलेली माशी ही म्हणूनच किरकोळ गोष्ट मानता येत नाही.

आता घरगुती उपायांकडे वळू. कापूर, कडुलिंबाचा धूर, निलगिरीचे किंवा गवती चहाचे तेल हे सारे माशीला दूर सारतात, मारत नाहीत. वास ओसरला की माशी परत येते, आणि तेलांचा परिणाम उघड्या हवेत फार वेळ टिकत नाही. पाहुणे जेवायला बसले असताना तासभर उसंत हवी असेल, तर त्यांचा उपयोग जरूर करावा. बंद खोलीत धूर कोंडणे मात्र फुप्फुसांना अपायकारक आहे. कापराच्या वड्याही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, कारण कापूर गिळल्यास मुलांना झटके येऊ शकतात. पाण्याच्या पिशव्यांमुळे माशी बिचकते ही समजूत देशभर आढळते, तिला भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा दारावर वेगाने फिरणारा साधा पंखा अधिक उपयोगी ठरतो, कारण जोराच्या वाऱ्यात माशीला नीट उडता येत नाही. खिडकीला डासांची जाळी लावली असेल, तर ती माशीलाही अडवते.

सापळ्यांबाबत एक घोटाळा हमखास होतो. सिरका आणि भांडी धुण्याचा द्रवरूप साबण यांचा सापळा घरमाशीसाठी सुचविला जातो, पण तो प्रामुख्याने पिकलेल्या केळ्यांभोवती जमणाऱ्या बारीक चिलटांसाठी योग्य आहे. घरमाशीला आंबलेल्या गुळाची आणि यीस्टची ओढ अधिक. एक लिटर कोमट पाण्यात लहान मुठीएवढा गूळ विरघळवून चमचाभर यीस्ट घालावे आणि भांडे सैल झाकून दोन दिवस उबदार जागी ठेवावे. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो नरसाळ्याप्रमाणे उलटा बसवावा आणि तळाशी तीन-चार बोटे हे पाणी ओतावे. सापळा ठेवण्याची जागा महत्त्वाची आहे. स्वयंपाकघरात ठेवलेला सापळा बाहेरच्या माश्यांना घरात बोलावतो. तो दारापासून पाच-सहा मीटर दूर, गोठा आणि घर यांच्या दरम्यान ठेवावा. बाटली भरली की आतला ऐवज खड्ड्यात पुरावा.

चिकट पट्टीही घरी करता येते. राळ आणि एरंडेल तेल मंद आचेवर एकजीव करून जाड कागदावर लावले की झाले. मात्र राळ चटकन पेट घेते, त्यामुळे हे काम उघड्या जागी आणि मोठ्या माणसानेच करावे. माश्या रात्री छताखालच्या तारांवर, दोऱ्यांवर आणि वाशांच्या कडांवर विसावतात. पट्टी तेथे टांगावी.

तरीही सापळा म्हणजे गळणाऱ्या छपराखाली ठेवलेले भांडे. खरे काम उकिरड्यावर आहे. ढीग नीट रचला असेल, तर त्याच्या आत तापमान 50 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि तेथे अळी जगत नाही. ती जगते बाहेरच्या थंड, ओल्या थरात. म्हणून ढीग उलथताना बाहेरचा थर आत जाईल असे पाहावे आणि वरून माती-शेणाचा लेप द्यावा किंवा काळे प्लास्टिक कडेने दाबून घट्ट बसवावे. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीत भरलेले टाके माती-शेणाने लिंपून बंद केले जाते. खतासाठी योजलेला हा लेप माशीलाही अंडी घालण्यापासून रोखतो. गोबरगॅस संयंत्रात रोजचे शेण रोज जात असेल, तर प्रश्न बराचसा मुळातच सुटतो.

पूर्ण वाढलेल्या अळ्या कोषात जाण्यासाठी ढिगातून कोरड्या कडेकडे सरकतात. ढिगाभोवती हातभर रुंदीची सैल, कोरडी मातीची पट्टी ठेवली की त्या तेथे जमतात, आणि मोकळ्या सोडलेल्या गावठी कोंबड्या त्या व कोष उकरून फस्त करतात. शिवाय स्पॅलँजिया आणि मस्किडिफ्युरॅक्स या जातींच्या इवल्याशा गांधीलमाश्या कोषाला भोक पाडून आत अंडी घालतात. ढिगावर कीटकनाशक फवारले की आधी या मित्रकीटकांचा नाश होतो. घरमाशी मात्र रसायनांना फार लवकर सरावते. डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या युरोपात 1940 च्या दशकातच आढळल्या होत्या.

येथे एका घातक प्रथेचा उल्लेख अटळ आहे. पिकावर फवारायचे कीटकनाशक गुळात किंवा दुधात कालवून बशीत ठेवणे हा काही ठिकाणी ‘घरगुती उपाय’ समजला जातो. ती बशी मुलाला, वासराला आणि मेलेल्या माश्या टिपणाऱ्या कोंबडीलाही तितकीच गोड लागते. ढिगावर टाकण्यासाठी सुचविल्या जाणाऱ्या टाकणखाराने अळ्या खरोखरच मरतात, परंतु ते खत शेतात गेल्यावर बोरॉनचे प्रमाण वाढून पिकाला इजा होऊ शकते.

उपाय करूनही जनावरे पाय आपटत, शेपटी झटकत असतील, तर माशी नीट पाहावी. चेहऱ्यापुढे सुईसारखी ताठ सोंड काढून पायांवर बसणारी माशी घरमाशी नव्हे. ती रक्त शोषणारी स्टोमॉक्सिस होय. गुळाचे आमिष तिच्या कामाचे नाही. ती मूत्राने भिजलेल्या कडब्यात आणि गव्हाणीखाली सडलेल्या वैरणीत वाढते, आणि बंदोबस्तही तेथेच करावा लागतो.

गावात मोहीम राबविणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना परिणाम मोजण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. पोस्टकार्डाएवढी पांढरी पुठ्ठ्याची कार्डे गोठ्याच्या वाशांना, माश्या विसावतात तेथे, सपाट टाचावीत. आठवड्याने त्यांवरील ओकारीचे आणि विष्ठेचे ठिपके मोजावेत. एका कार्डावर शंभराहून अधिक ठिपके आढळल्यास उपद्रव गंभीर समजावा. कार्डे त्याच जागी दर आठवड्याला बदलावीत आणि प्रत्येकावर तारीख लिहून ती जपून ठेवावीत. उकिरडा झाकण्यापूर्वीचे आणि झाकल्यानंतर तीन आठवड्यांनीचे कार्ड शेजारी शेजारी धरून दाखविले, की शेतकरी कुटुंबाला फरक समजावून सांगण्यास फार शब्द लागत नाहीत.