रविवारची नोंद : भिलाईत पर्यावरणाचे महाविद्यालय पारखताना

पर्यावरण अभ्यास एका विभागात मावत नाही. नदीचे पाणी रसायनशास्त्राकडे जाते, त्या पाण्यावरचा तंटा कायद्याकडे आणि काठच्या गावाची हकिगत इतिहासाकडे. म्हणून कला आणि विज्ञान एकाच छपराखाली शिकवणारे छोटे महाविद्यालय या विषयाला सोयीचे पडते. अमेरिकेच्या मेन राज्यातले कॉलेज ऑफ द अटलांटिक हे त्याचे टोकाचे उदाहरण. तिथे 1972 साली 32 विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले, आणि पदवी एकच, मानवी परिसरशास्त्राची.

भारतात हा विषय पदवीच्या प्रत्येक वर्गात पोचला तो न्यायालयाच्या वाटेने. एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सहामाही अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी, जे पेशाने शल्यविशारद. त्या आराखड्यात 50 तासिकांपैकी क्षेत्रकार्याला जेमतेम 5, पण 100 पैकी 25 गुण मात्र क्षेत्रकार्याचे. म्हणजे काम वर्गाबाहेरच व्हायचे हे गृहीतच होते. ते होते की वही एकमेकांची पाहून भरली जाते, इथून पारख सुरू होते.

भिलाईत तरी सबब चालणार नाही. अभ्यासक्रम मागतो ते सगळे हाताशी आहे : नैसर्गिक ठेवा, प्रदूषित जागा, झाडे-किडे-पक्षी, एखादे तळे. 1955 च्या सोव्हिएत करारातून उभा राहिलेला पोलाद कारखाना दारातच; त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 ला झाले. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून येते, चुनखडक नंदिनीहून. शिवनाथ नदी शेजारच्या दुर्गजवळून वाहते. भट्टीतली वितळलेली मळी पाण्याच्या माऱ्याने झटक्यात थंड केली की तिची वाळूसारखी रेव होते आणि ती सिमेंटमध्ये जाते. तिला कचरा म्हणायचे की कच्चा माल, एवढ्या एका प्रश्नावर तीन विषयांचे शिक्षक मिळून आठवडाभर शिकवू शकतील.

प्रयोगशाळेत शिरल्यावर 300 मिलिलिटरच्या, घट्ट काचेच्या बुचाच्या बाटल्या शोधाव्यात. तळ्याच्या पाण्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातले की विरघळलेला प्राणवायू असल्यास तपकिरी साका तळाशी बसतो. नसल्यास साका पांढराच राहतो. सेंद्रिय घाण किती, हे कळायला दुसरी बाटली 27 अंश सेल्सिअसवर तीन दिवस अंधारात ठेवून पुन्हा मोजावी लागते. गुरुवारचा नमुना रविवारीच मोजायचा असतो. नोंदवहीत रविवारच्या तारखा दिसल्या तर तिथे खरोखर काम चालते असे समजावे. बाटल्यांवर धूळ असली तर पुढचे विचारायची गरज नाही.

नॅकची श्रेणी उपयोगी असली तरी ती सबंध महाविद्यालयाची असते, एका विषयाची नव्हे. त्याहून महत्त्वाची ठरते स्वायत्तता. दुर्गचे, तामस्करांच्या नावाचे 1958 पासूनचे शासकीय महाविद्यालय स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम स्वतः आखू शकते. संलग्न महाविद्यालयाला विद्यापीठाने दिलेला अभ्यासक्रमच शिकवावा लागतो. तरीही शिवनाथच्या एकाच घाटावरचे सलग पाच वर्षांचे आकडे जमवायला कुठल्याही महाविद्यालयाला कुणाची परवानगी लागत नाही. लागतात ते टिकून राहणारे शिक्षक, आणि दरवर्षी बदलणाऱ्या अतिथी व्याख्यात्यांवर चालणाऱ्या विभागात अशी वही सहसा सापडत नाही.