शर्यतीची गाडी, बेताच्या पैशात

शर्यत म्हटली की आपल्याकडे अजूनही आधी बैलगाडी डोळ्यांपुढे येते. पण देवरूखसारख्या गावातली मुलंही आता मोटारींच्या शर्यतींबद्दल बोलतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. एवढ्या पैशांत कुठली गाडी येईल? माझ्या मते सगळे पैसे गाडीत घालूच नयेत. दोन लाख जमवले असतील तर गाडी एक लाखाच्या आत बसवावी. उरलेले पैसे हेल्मेट, पट्टे, टायर, ब्रेक आणि आतला लोखंडी पिंजरा यांना लागतात.

अमेरिकेत २००६ साली 'ट्वेंटीफोर अवर्स ऑफ लेमन्स' नावाची भंगार गाड्यांची शर्यत सुरू झाली. गाडीची किंमत पाचशे डॉलरच्या वर नको, असा तिचा नियम. त्यात एक गंमत आहे. ब्रेक, टायर आणि चालकाच्या सुरक्षेचं सामान या पाचशेत मोजत नाहीत. थट्टेखातर काढलेल्या शर्यतीतही एवढं शहाणपण आहे.

नवख्याने ऑटोक्रॉसपासून सुरुवात करावी. मैदानात मातीचा वळणावळणाचा मार्ग आखतात, गाड्या एकेक करून सोडतात आणि घड्याळ लावतात. कुणाला घासून पुढे जायचं नसतं. त्यामुळे इथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा हलकेपणा आणि चालवणाऱ्याचा हात जास्त कामाला येतो.

म्हणूनच जुन्या मारुतींना इतकी वर्षं मान मिळाला. मारुती ८०० ही १९८३च्या डिसेंबरात आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. इंजिन जेमतेम ७९६ सीसीचं, पण अंग हलकं. हेच इंजिन बसवलेल्या 'फॉर्म्युला मारुती' गाडीत नारायण कार्तिकेयन सुरुवातीला धावला आणि २००५मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. ज्याला थोडी जास्त ताकद हवी त्याने तेराशे सीसीची एस्टीम शोधावी. आपल्याकडच्या रॅलींत ती वर्षानुवर्षं धावली. दिमाखदार परदेशी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. तिचा एक सुटा भाग मागवायचा तर महिना जातो, आणि आपल्या मिस्त्रीला तिच्या पोटातलं काही ठाऊक नसतं. मात्र शर्यतीच्या आयोजकांची नियमावली आधी वाचा. कुठल्या गटात कुठली गाडी चालते ते तिथेच कळतं.

आता खास आपल्या कोकणाची गोष्ट. बैल घेताना जाणता माणूस खूर आणि दात पाहतो, शिंगांच्या रंगावर पैसे मोजत नाही. गाडीचंही तसंच. इथे चार महिने पाऊस आणि वर खारी हवा. वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून गंजाने पोखरलेली असते. रॅम्पवर चढवून तळ पाहा, पायाखालचं कार्पेट उचला, पुढच्या सस्पेन्शनचे सांधे स्क्रूड्रायव्हरने ठोका. पत्रा भसकन आत गेला तर हात जोडून परत या. इंजिन बदलता येतं, पण गंजलेल्या पत्र्याला जोडलेला पिंजरा गाडी उलटल्यावर उपटून येतो. शक्यतो घाटावरची, कोरड्या मुलखातली गाडी बघावी.

ब्रेक ऑइलही असंच फसवं. ते हवेतली ओल शोषतं. ओल धरलेलं तेल लवकर उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पाचव्या-सहाव्या वळणावर पेडल नुसतंच खाली जातं. शर्यतीआधी नवं तेल भरायला काहीशे रुपये लागतात. ताकद वाढवण्याच्या नादात हजारो घालवणारे इथे कंजूषपणा करतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आणि सराव आंबा घाटात नको. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय वेगाची शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. घाटात समोरून येणाऱ्या एसटीतली माणसं काही शर्यतीला आलेली नसतात. नेहमीचा विमाही शर्यतीतल्या नुकसानीला लागू होत नाही. हात बसवायचा असेल तर कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकसारख्या ठिकाणी कार्टिंग करावं. त्यात गाडी घेण्याचा खर्चही नाही.

अंतर्बाह्य बदललेली गाडी रस्त्यावर चालवायला कायदा परवानगी देत नाही. ती टेम्पोत घालूनच मैदानापर्यंत न्यावी लागते. देवरूखहून पुण्याला जाण्यायेण्याचं ते भाडं पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.