गाडीच्या रंगावर हजारो रुपये घालण्याआधी

सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडणारी थार घ्या किंवा इतर कुठलीही आजची गाडी, तिच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. पत्र्याला विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वात वर पारदर्शक क्लिअर कोट. या सगळ्याची मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरते. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची चकाकी याच थरात असते, उन्हातली अतिनील किरणं अडवणारी रसायनंही याच थरात असतात. आणि पॉलिश करणारा माणूस जे काही घासतो तेही यातलंच असतं.

हे एकदा लक्षात आलं की शोरूममध्ये दसऱ्याच्या गर्दीत ‘साहेब, कोटिंग करूनच घ्या’ असं कुणी म्हटल्यावर गोंधळ उडत नाही. नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत डिटेलिंगची दुकानं झाली आहेत. काही हजारांच्या पॉलिशपासून लाखाच्या घरातल्या फिल्मपर्यंत सगळं मिळतं. त्यातलं काही खरोखर उपयोगी आहे. अडचण अशी की लोक चुकीच्या कारणासाठी पैसे देतात, आणि ज्या सवयीमुळे रंग खराब होतो ती तशीच चालू राहते.

‘वर्षातून एकदा रबिंग-पॉलिश करायलाच हवं’

सर्वात जास्त नुकसान करणारा समज हाच. तो आला जुन्या गाड्यांच्या काळातून. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यात वर वेगळा पारदर्शक थर नसायचा. उन्हाने रंगाचा पृष्ठभाग मेला की कंपाउंडने घासायचा, फडक्यावर गाडीचा रंग उतरायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. त्या गाड्यांना ते मानवत होतं. वडिलांनी मुलाला, मुलाने शेजाऱ्याला हीच पद्धत सांगितली आणि ती आजच्या गाड्यांवरही चालू राहिली.

आजच्या गाडीवर कडक कंपाउंड आणि बफिंग मशीन चालवलं की दर वेळी क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात. किती जातात हे कंपाउंड, पॅड आणि हात यांवर अवलंबून असतं. दर वर्षी तीन-चार मायक्रॉन गेले असं धरलं, तर ४० मायक्रॉनच्या थरातला निम्मा भाग पाच-सहा वर्षांत संपला. वरचं संरक्षण पातळ झालं की ऊन आत शिरतं. मग छतावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे दिसू लागतात, काही दिवसांनी पापुद्रे सुटतात. त्यावर कुठलंही पॉलिश चालत नाही, कुठलंही कोटिंग चालत नाही. पूर्ण पॅनल रंगवावं लागतं, आणि कारखान्यातल्या भट्टीत साधारण १४० अंशांना भाजलेल्या मूळ रंगाची सर त्याला येत नाही.

गाडीचं आयुष्य दहा वर्षं धरलं तर कापणारं पॉलिश एक-दोनदा, तेही गरज असेल तर, एवढंच तिला परवडतं. सर्व्हिसिंगच्या यादीत दर वेळी हजार-दीड हजारांचं ‘रबिंग’ घातलेलं दिसलं तर ते काढायला सांगा. मेण किंवा सीलंट लावणं ही वेगळी गोष्ट. त्यात काही घासलं जात नाही आणि ते हवं तितक्या वेळा लावता येतं.

‘सिरॅमिक केलं की ओरखडा पडतच नाही, ९एच आहे’

दुकानदार ‘९एच’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला हिऱ्याच्या खालोखालचा कडकपणा वाटतो. मोहस मापनावर ९ म्हणजे कुरुंद आणि १० म्हणजे हिरा, हे शाळेत शिकलेलं असतं. पण इथला ९एच त्या मापनावरचा नव्हेच. तो पेन्सिलींच्या चाचणीतला आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात, ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघतात. ९एच म्हणजे त्या संचातली कडक पेन्सिल. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. रस्त्यावरच्या धुळीत असलेला वाळूचा कण त्याहून कितीतरी कठीण असतो.

शिवाय कोटिंगची जाडी एक-दोन मायक्रॉन, बऱ्याचदा त्याहूनही कमी. एवढ्या थराने उडालेली खडी अडत नाही, पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार लागल्यावर पडलेला पोचा वाचत नाही, मुलांनी किल्लीने काढलेली रेघ थांबत नाही. मग ते करतं काय? मळ सहज चिकटू देत नाही, धुणं सोपं करतं, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक यांना रंगापर्यंत पोचायला थोडा वेळ लावतं आणि चकाकी टिकवतं. हे फायदे खरे आहेत. सोयीसाठी पैसे देणं गैर नाही, फक्त आपण सोय विकत घेतोय हे माहीत असावं.

आणखी एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. कोटिंग पारदर्शक असतं. खाली ओरखड्यांची जाळी असेल तर ती तशीच बंदिस्त होते. म्हणून सिरॅमिकच्या बिलातला मोठा वाटा बाटलीतल्या द्रवाचा नसून त्याआधीच्या तयारीचा असतो, असायला हवा: नीट धुणं, लोखंडी कण काढणं, क्ले फिरवणं, दोन प्रकारचे पॅड घेऊन एकेक पॅनल पॉलिश करणं, मग पॉलिशमधलं तेल पुसून काढणं. मध्यम आकाराच्या गाडीला यासाठी एक-दोन दिवस लागतात. सकाळी गाडी द्या आणि दुपारी सिरॅमिक करून घेऊन जा, असं कुणी म्हणालं तर तयारी गाळलेली आहे हे समजा. तीच तर पैशांची वस्तू होती.

‘पाण्याचे मोती दिसतात म्हणजे रंग सुरक्षित’

जाहिरातीत बॉनेटवरून पाण्याचे गोल थेंब घरंगळताना दाखवतात. पावसात ते छानच दिसतं. पण नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात, बोअरच्या जड पाण्याने धुतलेल्या गाडीवर हेच थेंब डाग पाडतात. पाणी उडून जातं, त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मागे राहतं. थेंब गोल आणि उंच असला की सगळे क्षार एकाच जागी साचतात आणि पांढरं कडं उमटतं. गडद रंगाचं बॉनेट उन्हात ६०-७० अंशांपर्यंत तापतं, त्यावर हे मिनिटांत घडतं. फार दिवस राहिलं तर डाग कोटिंगमध्ये, कधी क्लिअर कोटमध्येही खोल जातो.

हजारो रुपयांचं सिरॅमिक करून पहिल्याच उन्हाळ्यात गाडी ठिपक्याठिपक्यांची झालेली लोक रागाने दाखवतात. दोष बहुतेक वेळा पाण्याचा आणि वेळेचा असतो. गंगापूर धरणातून नळाला येणारं महापालिकेचं पाणी असेल तर त्रास कमी. बोअरचं असेल तर सावलीत, सकाळी धुवा आणि वाळू न देता लगेच पुसा. ताज्या डागावर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर चालतं, नंतर स्वच्छ पाण्याने धुवायचं. उघड्यावर गाडी उभी, पाणी बोअरचं आणि पुसायला वेळ नाही, अशा घराला मी सिरॅमिकचा आग्रह मुळीच करणार नाही.

‘टेफ्लॉन म्हणजे तव्यावरचंच’

तव्यावर बसणारं पीटीएफई ३२७ अंशांना वितळतं. तव्याला ते त्याहून जास्त तापमानात भाजून चिकटवतात. गाडीच्या रंगाला तेवढी उष्णता दिली तर रंगच राहणार नाही. गाडीवर ‘टेफ्लॉन’ म्हणून जे लावतात ते पॉलिमरचं सीलंट असतं. ते काही महिने टिकतं. तेवढ्यासाठी तेवढीच किंमत मोजा.

‘ओरखडे रस्त्यावर पडतात’

खडीचे टवके रस्त्यावर पडतात, हे खरं. पण संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला की कोळ्याच्या जाळ्यासारखी जी गोल बारीक जाळी दिसते, ती घरच्या अंगणात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तयार होते. पहाटे एक माणूस एका बादलीत, एका फडक्याने पंधरा-वीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीपर्यंत जाते. त्याला बोल लावू नये. महिन्याच्या काहीशे रुपयांत त्याला वेळही तेवढाच मिळतो. आपल्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर फडकी त्याच्याकडे द्या, आठवड्याने धुऊन घ्या आणि सांगा की रोज पुसू नको, दोनदा पाणी मारून धू. गाडीवर धूळ दिसणं चालेल, कोरड्या फडक्याने पुसणं चालणार नाही. धुळीवरून फिरवलेला मेणाचा डस्टरसुद्धा तेच करतो. वाऱ्यात हलणारं कव्हरही धुळीसकट रंगावर घासत राहतं, त्यामुळे मळलेल्या गाडीवर कव्हर घालू नका.

कपड्यांची पावडर, रॉकेलचा हात, डिझेलचा फवारा हे सगळं बंद करा. गाडीचा शॅम्पू पुरतो.

आपल्या सणांचंही बघायला हवं. दसऱ्याला बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढतो, हळद लावतो. पूजा जरूर करावी. फक्त दुसऱ्या दिवशी ते कोरडं खरवडू नये, भरपूर पाणी ओतून सोडवावं. काळ्या प्लॅस्टिकच्या भागावर हळद लावू नये, तिथून ती सहज निघत नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात, त्या दिवशी गाडी तिथून लांब लावलेली बरी. कोरड्या रंगात खर असते, आणि ती हाताने झटकली की रेघा उमटतात.

‘पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके, म्हणजे पत्रा गंजला’

अंबड-सातपूरच्या कारखान्यांजवळ किंवा नाशिकरोडला रुळांच्या आसपास रोज उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर असे ठिपके दिसतात. गंज खरा, पण बहुधा पत्र्याचा नसतो. हवेतले बारीक लोखंडी कण, ब्रेकमधून उडणारा भुगा रंगावर बसून तिथेच गंजतो. त्यासाठी रसायन मिळतं, फवारल्यावर ते जांभळं होतं आणि कण सुटतात. धुतलेल्या गाडीवरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर हे काम करून घेण्यात अर्थ आहे. ‘गंजरोधक पॅकेज’ याच्यावर उतारा नाही.

‘कोटिंगचे पैसे विकताना वसूल होतात’

जुनी गाडी घेणारा किलोमीटर, कितवा मालक आणि अपघात बघतो. जाणकार व्यापारी जाडी मोजण्याचं यंत्र लावतो. कुठल्या दारावर २०० मायक्रॉनच्या वर आकडा आला की पॅनल रंगवलेलं असावं, असा संशय येतो. मूळ रंगाला किंमत आहे, कोटिंगच्या कार्डाला फारशी नाही. म्हणून लहानसा ओरखडा घालवायला सगळं दार रंगवू नका. ओरखड्यावर नख अडकत नसेल तर तो पॉलिशने जाऊ शकतो. ओला केल्यावर दिसेनासा होत असेल तर तो क्लिअर कोटपुरताच आहे. आणि अशा किरकोळ कामासाठी विम्याचा दावा करण्याआधी नो क्लेम बोनसचा हिशेब मांडा. पाच वर्षं दावा नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट असते, ती जाते.

मग पैसे घालायचे कुणी? ज्यांची गाडी चार-पाच वर्षांची आहे आणि उन्हात जाळी दिसते, त्यांनी एकदा नीट, हलकं पॉलिश करून घ्यावं आणि वर साधं सीलंट लावावं. सर्वसाधारण नाशिककरासाठी याहून चांगला खर्च नाही. जे दर आठवड्याला कसारा घाटातून मुंबईला जातात, ज्यांच्या बॉनेटवर ट्रकमागची खडी आदळते, त्यांनी कोटिंगऐवजी फिल्मचा विचार करावा. पॉलियुरेथेनची ही फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, टवके खरोखर अडवते आणि बारीक रेघा उष्णतेने भरून येतात. ती पूर्ण गाडीला लावायची गरज नाही. पुढचा बंपर, बॉनेटची कड, आरसे एवढं पुरतं. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी शहरभर रस्त्यांची कामं निघालेली असताना मला हा खर्च सिरॅमिकपेक्षा शहाणपणाचा वाटतो. गंगापूर रोडच्या जुन्या झाडांखाली गाडी लावावी लागणाऱ्यांना मात्र सिरॅमिकचा उपयोग आहे, कारण विष्ठेतलं आम्ल तापलेल्या रंगावर फार लवकर खूण करतं. कोटिंग असलं तरी विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढावी लागते.

नवी गाडी घेताना शोरूमला आधीच सांगा की गाडी धुऊ नका, आम्ही बघून घेऊ. जाळी अनेकदा डिलिव्हरीच्या आदल्या दिवशीच पडते. नव्या गाडीचा रंग भट्टीतला असल्याने कोटिंगसाठी थांबावं लागत नाही. पण गॅरेजमध्ये रंगवलेल्या पॅनलवर महिनाभर तरी कोटिंग किंवा फिल्म लावू देऊ नका, आतलं द्रावक बाहेर पडायला वेळ लागतो.

दुकानात गेलात तर ‘पाच वर्षांची वॉरंटी’ कशाची, हे कागदावर वाचा. बहुतेक वॉरंटी दर वर्षी त्याच दुकानात पैसे भरून तपासणी केली तरच टिकते, आणि पाण्याचे डाग, विष्ठा, खडी त्यातून वगळलेली असते. किंमत जीएसटीसह विचारा, द्रवाच्या बाटलीचं सील आपल्यासमोर उघडायला सांगा. आणि पॉलिशच्या आधी व नंतर बॉनेट, छत आणि चारही दारांवर जाडीचे आकडे घेऊन बिलावर लिहून मागा. जो कारागीर हे आनंदाने करतो, त्याच्या हातात गाडी द्या. जो यंत्रच नाही म्हणतो, त्याला आपल्या चाळीस मायक्रॉनला हात लावू देऊ नका.